विद्युत परिपथ-विश्लेषणाचे अध्ययन : पाठ्यपुस्तके, परिभाषा आणि वऱ्हाडातील विद्यार्थी – एक चिकित्सा

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात विद्युत परिपथांचे विश्लेषण हा विषय पायाभूत मानला जातो. विद्युत, अणुविद्युत, दूरसंचार व उपकरणन या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना तो पहिल्या वा दुसऱ्या वर्षी अभ्यासावा लागतो. पुढील यंत्रे, शक्तिप्रणाली, नियंत्रण प्रणाली इत्यादी विषयांची इमारत याच पायावर उभी राहते. असे असूनही या विषयाच्या अध्यापनाची चर्चा बहुधा अभ्यासक्रमातील घटक, तासिकांची संख्या आणि परीक्षेचा निकाल एवढ्यापुरतीच मर्यादित राहते. विद्यार्थ्याच्या हाती जे पुस्तक पडते ते पुस्तक त्याला विचार करण्याची कोणती रीत शिकविते, आणि त्या पुस्तकाची भाषा त्याने शाळेत आत्मसात केलेल्या भाषेशी कोणते नाते ठेवते, या प्रश्नांकडे समीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. साहित्यकृतीची चिकित्सा होते तशी पाठ्यपुस्तकाचीही व्हावयास हवी. कारण एका पिढीतील हजारो वाचक ज्या ग्रंथांची पाने पुनःपुन्हा उलटतात, त्यांत पाठ्यपुस्तकांचे स्थान फार वरचे आहे.

प्रस्तुत लेखात या विषयाची दोन प्रसिद्ध पाठ्यपुस्तके आणि मराठी शालेय परिभाषा यांचा अमरावती-अकोला परिसरातील विद्यार्थ्याच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. विद्यार्थ्याची खरी अडचण समीकरणे सोडविण्यात नसून समीकरण मांडण्यापूर्वी जे संकेत मान्य करावे लागतात ते न उमगण्यात आहे, आणि ते संकेत उलगडण्याचे एक साधन त्याच्या मातृभाषेत आधीच उपलब्ध असताना महाविद्यालयाच्या पहिल्याच दिवशी ते बाजूला टाकले जाते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रादेशिक पार्श्वभूमी

वऱ्हाडात अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाचा प्रारंभ अमरावती येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने झाला. हे महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. त्यानंतरची जवळजवळ दोन दशके या भागातील विद्यार्थ्याला अमरावती किंवा नागपूर एवढेच पर्याय होते. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याच सुमारास अकोल्याजवळील बाभूळगाव, बडनेरा व शेगाव येथे खाजगी संस्थांची अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. पुढे अमरावती शहरात व यवतमाळ येथे आणखी महाविद्यालयांची भर पडली. या विस्तारामुळे दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतील शेतकरी व नोकरदार कुटुंबांतील मुलामुलींसाठी अभियांत्रिकी शिक्षण आवाक्यात आले. शिक्षणाच्या लोकशाहीकरणाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे.

या विद्यार्थीवर्गाचा भाषिक प्रवास मात्र सरळ नाही. त्यांतील बहुसंख्यांचे दहावीपर्यंतचे विज्ञान मराठीतून झालेले असते. अकरावी-बारावीत विज्ञान शाखेची पुस्तके इंग्रजीत येतात, आणि पदवीच्या वर्गात पुस्तक, फळा व उत्तरपत्रिका तिन्ही इंग्रजी होतात. वर्गातील निवेदन तेवढे मराठी-इंग्रजी मिश्र राहते. याचा अर्थ असा की 'विभवांतर' आणि 'रोध' हे शब्द दहावीत पाठ केलेला विद्यार्थी बारावीत किर्चॉफचे नियम इंग्रजीतून शिकतो, आणि दुसऱ्या वर्षी त्याच नियमांवर उभा असलेला संपूर्ण विषय त्याच्यासमोर येतो. प्रत्येक टप्प्यावर शब्द बदलतात. संकल्पना तीच आहे हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

२. उदाहरणांचे पुस्तक : थेराजा

बी. एल. थेराजा यांचे विद्युत तंत्रज्ञानावरील पाठ्यपुस्तक १९५९ पासून भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती आहे. विद्युत शाखेतील पदविका व पदवी या दोन्ही स्तरांवरील विद्यार्थी ते वापरत आले. वऱ्हाडातील वाचकाला या ग्रंथाशी एक विशेष जवळीक वाटण्याचे कारण आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील विद्युत विभागाचे माजी प्रमुख एस. जी. तारणेकर यांनी या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांच्या संस्करणाचे काम केले, आणि अनेक उदाहरणांखाली विद्यापीठांची जी नावे छापलेली आढळतात त्यांत मुंबईबरोबरच नागपूर व अमरावती हीही नावे आहेत. आपल्याच विद्यापीठाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवरील पुस्तकात छापलेला पाहणे ही विद्यार्थ्यासाठी दिलासा देणारी गोष्ट असते.

या ग्रंथाचे गुण नाकारता येणार नाहीत. विद्यार्थी एकटा बसून, शिक्षकाच्या साहाय्याशिवाय, ज्या पुस्तकातून काहीतरी शिकू शकतो असे हे पुस्तक आहे. सोडविलेल्या उदाहरणांची विपुलता, प्रत्येक पायरी लिहून दाखविण्याची पद्धत व सोपी वाक्ये यांमुळे इंग्रजी कच्चे असलेल्या विद्यार्थ्यालाही ते परके वाटत नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील कित्येक पिढ्या या पुस्तकाच्या आधाराने उत्तीर्ण झाल्या, हे त्याचे ऋण मान्यच करावयास हवे.

परंतु या गुणांतच त्याची मर्यादा दडलेली आहे. किर्चॉफच्या नियमांच्या प्रकरणात व्होल्टेजचे चिन्ह कसे ठरवावे आणि धारेची दिशा कशी गृहीत धरावी याचे विवेचन येते; गृहीत दिशा चुकीची असल्यास उत्तर ऋण येईल, हेही सांगितलेले आहे. मात्र हे सर्व काही परिच्छेदांत आटोपते आणि लगेच उदाहरणांची रांग सुरू होते. वाचकाचा वेळ व लक्ष ज्या प्रमाणात विभागले जाते त्या प्रमाणात पुस्तकाचा खरा उपदेश ठरतो. येथे तो उपदेश असा होतो की, संकेत ही उदाहरणापूर्वीची औपचारिकता आहे आणि विषय म्हणजे उदाहरणे. विद्यार्थी मग आकृतीचे वर्गीकरण करू लागतो : ही आकृती 'सुपरपोझिशन'ची, ही 'थेवेनिन'ची, ही 'स्टार-डेल्टा'ची. आकृती ओळखीची असेल तर उत्तर येते. नसेल तर लेखणी थांबते. कोणती रीत निवडावी हा निर्णय मुळी पुस्तकाने आधीच प्रकरणाच्या शीर्षकात घेतलेला असल्यामुळे, निवड करण्याचा सराव विद्यार्थ्याला कधी मिळतच नाही.

३. संकेतांचे पुस्तक : व्हॅन व्हॅल्केनबर्ग

एम. ई. व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांचा 'नेटवर्क अ‍ॅनालिसिस' हा ग्रंथ १९५५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याची तिसरी आवृत्ती १९७४ मध्ये निघाली. भारतातील विद्यापीठांच्या संदर्भग्रंथांच्या याद्यांत तो अनेक दशके राहिला आहे. त्याची मांडणी पाहिली असता थेराजांच्या ग्रंथाहून एक मूलभूत भेद जाणवतो. तिसऱ्या आवृत्तीत पहिले प्रकरण परिपथ ही संकल्पना कशी घडली याचे आहे आणि प्रत्यक्ष वस्तूला परिपथाचे रूप देताना कोणते स्थूलीकरण करावे लागते याचा विचार त्यात येतो. दुसरे संपूर्ण प्रकरण संकेतांचे आहे : धारा व व्होल्टेज यांच्या संदर्भदिशा, उद्गमांचे संकेत, परस्पर-प्रवर्तन दर्शविणारा बिंदुसंकेत आणि जालाची रचना. समीकरणे येतात ती तिसऱ्या प्रकरणात.

या क्रमातच एक भूमिका आहे. आकृतीतील बाण हा निसर्गाने काढलेला नसून विश्लेषण करणाऱ्याने काढलेला आहे, तो एक करार आहे, आणि करार झाल्यानंतरच हिशोब सुरू होतो, असे हे पुस्तक मांडणीतूनच सुचविते. तथापि वऱ्हाडातील सामान्य विद्यार्थ्यापर्यंत हे पुस्तक पोहोचले ते बहुधा ग्रंथालयाच्या कपाटापर्यंतच. त्याची भाषा दाट आहे. वाचकाला कलनशास्त्र व इंग्रजी गद्य या दोहोंची सवय आहे असे ते गृहीत धरते. संकेतांचे प्रकरण परीक्षेत स्वतंत्रपणे विचारले जात नसल्याने ते 'वाचून घ्यावे' या सदरात जाते. परिणामी, जे पुस्तक संकेत समजावते ते वाचले जात नाही आणि जे वाचले जाते ते संकेत गृहीत धरते. विषयाच्या अध्ययनातील पोकळी याच ठिकाणी आहे.

४. ऋण चिन्हाचा प्रश्न

ही पोकळी एका लहान उदाहरणाने स्पष्ट करता येईल. १२ व्होल्ट व ६ व्होल्ट विद्युतचालक बल असलेल्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकीबरोबर एकसर जोडणीत १ ओहम रोध, आणि त्या दोन्ही शाखांना समांतर ४ ओहमचा भार असा परिपथ घेऊ. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके भाराच्या एकाच टोकाशी जोडलेली आहेत. प्रत्येक बॅटरीतून धारा भाराकडे जाते असे गृहीत धरून समीकरण सोडविले असता भारावरील विभवांतर ८ व्होल्ट मिळते. पहिल्या बॅटरीची धारा ४ अँपिअर, भाराची २ अँपिअर आणि दुसऱ्या बॅटरीची धारा उणे २ अँपिअर येते.

या ठिकाणी विद्यार्थ्याची प्रतिक्रिया पाहण्यासारखी असते. 'उणे' आले म्हणजे काहीतरी चुकले, अशी त्याची धारणा होते. कित्येकदा ते चिन्ह खोडलेही जाते. गणितात ऋण संख्येला न घाबरणारा विद्यार्थी येथे घाबरतो, कारण बाण हा त्याच्या दृष्टीने धारेचे चित्र असतो. वस्तुतः ते उणे चिन्ह एवढेच सांगते की धारा गृहीत दिशेच्या उलट जात आहे. म्हणजेच ६ व्होल्टची बॅटरी ऊर्जा देत नसून घेत आहे, ती चार्ज होत आहे. शक्तीचा ताळेबंद मांडला म्हणजे याची खात्री पटते. पहिली बॅटरी ४८ वॅट देते. त्यांतील १६ वॅट तिच्यासोबतच्या रोधात, ४ वॅट दुसऱ्या रोधात व १६ वॅट भारात खर्च होतात आणि उरलेले १२ वॅट दुसरी बॅटरी घेते. जमा-खर्च तंतोतंत जुळतो. हा ताळेबंद प्रत्येक परिपथात जुळलाच पाहिजे, हे टेलेगेन यांनी १९५२ मध्ये अत्यंत व्यापक स्वरूपात सिद्ध केले.

येथे उत्तर मिळण्यापेक्षा उत्तर वाचता येणे महत्त्वाचे आहे. 'उणे २' या दोन अक्षरांत बॅटरी चार्ज होण्याची भौतिक घटना सामावलेली आहे. ती वाचता येत नसेल तर समीकरण अचूक सोडवूनही परिपथ कळला असे म्हणता येणार नाही. धारेची रूढ दिशाही अशाच करारातून आलेली आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला त्याच्या कितीतरी आधी ती ठरून गेली होती, आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात हे कळल्यानंतरही ती बदलण्याची आवश्यकता भासली नाही. करार सर्वांनी सारखा पाळला की हिशोब चुकत नाही, एवढेच याचे कारण.

५. परिभाषेचे साक्ष्य

मराठीतून शालेय विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याजवळ या संकेतांची किल्ली कशी असते, हे पाहण्यासाठी चार शब्दांचा विचार पुरेसा आहे.

'परिपथ' या शब्दात 'परि' हा उपसर्ग सभोवार फिरून येण्याचा अर्थ देतो. जो पथ फिरून मूळ ठिकाणी येत नाही तो परिपथ नव्हे. तार एका टोकाला मोकळी असेल तर धारा का वाहत नाही, याचे उत्तर शब्दातच आहे. मराठी विश्वकोशात 'विद्युत् मंडल' अशी संज्ञा आढळते. तिच्यातही वर्तुळाचा हाच भाव आहे. 'सर्किट' या रूढ शब्दाने मराठी भाषकाच्या मनात असे काहीच उमटत नाही. 'सर्किट जळाले' म्हणताना त्याला एखादी पट्टी किंवा पेटी दिसते.

'एकसर जोडणी' हा शब्द अधिक बोलका आहे. सर म्हणजे माळेचा पदर. एकाच दोऱ्यात ओवलेल्या मण्यांमधून जो दोरा पहिल्या मण्यातून जातो तोच शेवटच्या मण्यातून जातो; मध्ये त्याला फाटा फुटत नाही. एकसर जोडणीतील प्रत्येक रोधातून तीच धारा वाहते, या नियमाचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे. इंग्रजीतील 'सिरीज' या शब्दात क्रम आहे, दोरा नाही. म्हणून विद्यार्थी एकामागे एक काढलेल्या दोन रोधांना 'सिरीज' म्हणून मोकळा होतो आणि त्यांच्या मधल्या नोडवरून तिसरी शाखा फुटली आहे, याकडे त्याचे लक्ष जात नाही. 'दोरा फाटला का?' एवढा प्रश्न विचारला असता ही चूक टळते.

'विभवांतर' या शब्दातील 'अंतर' हे पद सर्वांत मोलाचे आहे. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते. एकाच बिंदूचे विभवांतर ही कल्पनाच संभवत नाही. 'या बिंदूवर व्होल्टेज किती?' असा प्रश्न विद्यार्थी सर्रास विचारतात, आणि कोणत्या बिंदूच्या संदर्भात, हे विचारण्याचे भान त्यांना राहत नाही. शाळेतील शब्द कायम राहिला असता तर हे भान आपोआप राहिले असते. याउलट वीज वितरणाच्या व्यवहारात रूढ असलेला 'दाब' हा शब्द समजण्यास सोपा असला तरी तुलनेचा भाव झाकून टाकतो. 'उच्चदाब वाहिनी' म्हणताना तो दाब त्या तारेचाच गुणधर्म वाटू लागतो.

मराठी शब्द प्रत्येक वेळी वाट दाखवतोच असे मात्र नाही. 'समांतर जोडणी' या शब्दामुळे भूमितीतील समांतर रेषा डोळ्यांपुढे येतात, आणि हा दोष इंग्रजी शब्दातही तेवढाच आहे. व्हीटस्टन सेतूचा परिपथ याचे उत्तम उदाहरण आहे. सेतूच्या आकृतीत समोरासमोरच्या भुजा समांतर काढलेल्या दिसतात. परंतु मधला गॅल्व्हानोमीटर एक रोध म्हणून धरला तर त्या पाच रोधांपैकी कोणतेही दोन एकमेकांशी एकसरही नसतात आणि समांतरही नसतात. दोन घटकांची दोन्ही टोके त्याच दोन नोडना जोडलेली असतील तरच ते समांतर, मग आकृतीत ते काटकोनात का असेनात. येथे शब्दापेक्षा व्याख्येवर विसंबणे भाग आहे. परिभाषेची चिकित्सा करावयाची ती याचसाठी : कोणता शब्द वाट दाखवतो आणि कोणता चकवा देतो, हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली आणि भारतीय भाषांत पाठ्यपुस्तके उपलब्ध करून देण्याचे कामही हाती घेतले. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. तथापि भाषांतराने शब्द बदलतात, मांडणी बदलत नाही. ज्या पुस्तकात संकेत काही ओळींत उरकलेला आहे त्याचे मराठी भाषांतरही तो काही ओळींतच उरकणार. त्यामुळे माध्यमाचा प्रश्न आणि मांडणीचा प्रश्न हे वेगळे ठेवूनच विचारात घ्यावे लागतील.

६. थेवेनिनचा प्रमेय आणि शेतातील पंप

परिपथ-विश्लेषणातील सर्वाधिक उपयुक्त परंतु सर्वाधिक यांत्रिकपणे शिकविला जाणारा भाग म्हणजे थेवेनिनचा प्रमेय. भार काढून टाका, मोकळ्या टोकांवरील व्होल्टेज काढा, उद्गम निष्क्रिय करून रोध काढा, मग भार पुन्हा जोडा, या चार पायऱ्या विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात. हे सर्व कशासाठी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

या प्रमेयाचा इतिहास पाहिला तर उत्तर सापडते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच ही कल्पना मांडली होती. फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंता लेऑं शार्ल थेवेनिन यांनी ती १८८३ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. थेवेनिन यांचा तारखात्यातील प्रशिक्षणाशी निकटचा संबंध होता. दूरवरच्या, आतून न दिसणाऱ्या विद्युत जालाचे वर्तन केवळ आपल्या हाती असलेल्या दोन टोकांवरून कसे ओळखावे, ही अशा अभियंत्याची व्यावहारिक गरज असते. त्याचप्रमाणे १८४५ मध्ये आपले नियम प्रसिद्ध करणारा किर्चॉफ हा त्या वेळी एकवीस वर्षांचा, क्योनिग्सबर्ग येथे शिकणारा विद्यार्थी होता. आजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचेच ते वय. प्रचलित पाठ्यपुस्तकांतून ही माणसे नाहीशी होतात आणि त्यांचे प्रमेय तेवढे उरतात.

वऱ्हाडातील विद्यार्थ्याला मात्र थेवेनिनची गरज फ्रान्सच्या तारखात्यापेक्षा जवळ सापडते. डीपीपासून लांब, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतात 'व्होल्टेज भेटत नाही' ही तक्रार त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. समजुतीसाठी एका फेजपुरता विचार करू. डीपीवर २३० व्होल्ट आहेत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा एकूण रोध २ ओहम आहे असे मानू. पंप बंद असताना शेतातील पेटीत मीटर २३० व्होल्टच दाखवील. एका पंपाने १० अँपिअर धारा घेतली की २० व्होल्ट तारेतच खर्ची पडून पंपाला २१० व्होल्ट मिळतील. त्याच टोकावरील दुसऱ्या पंपाने तेवढीच धारा घेतली की दोघांनाही १९० व्होल्टवर भागवावे लागेल. शेतकऱ्याच्या पेटीतून पाहिले असता डीपी व वाहिनी मिळून जे काही आहे ते २३० व्होल्टचा एक उद्गम व २ ओहमचा एक रोध एवढेच आहे. हाच थेवेनिनचा समतुल्य परिपथ. टोकाशी थेट लघुपथन झाले तर ११५ अँपिअर धारा वाहील, आणि नॉर्टनच्या समतुल्य परिपथातील धारा ती हीच.

हे उदाहरण जाणीवपूर्वक सोपे केलेले आहे. प्रत्यक्षात मोटर हा साधा रोध नव्हे. पाणी उपसण्याचा भार कायम असता दाब उतरला की ती अधिक धारा घेते. त्यामुळे तारेतील घट आणखी वाढते आणि गुंडाळी तापते. उन्हाळी ओलिताच्या दिवसांत मोटरी जळण्याचे एक प्रमुख कारण हे आहे. त्रिकला मोटरीची एक फेज गेल्यास उरलेल्या दोन फेजांवर ती का गुरगुरते आणि चालू राहिली तर का जळते, हेही वऱ्हाडातील विद्यार्थ्याने पाहिलेले असते. परंतु त्रिकला परिपथांचे प्रकरण शिकताना आकृतीतील 'असंतुलित भार' म्हणजे आपल्या विहिरीवरचा तो प्रसंग, ही सांगड कोणी घालून देत नाही. विद्यार्थ्याच्या मनात मग विजेची दोन ज्ञाने शेजारी शेजारी राहतात. एक डीपी, फेज व 'डीओ उडाला' या शब्दांचे, दुसरे नोड, लूप व फेझरचे. या दोहोंची गाठ पडत नाही तोवर परिपथ-विश्लेषण हा परीक्षेचा विषय राहतो, विजेचा होत नाही.

या प्रदेशात अशा उदाहरणांची वाण नाही. अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन औष्णिक संच आहेत. पूर्व विदर्भात तिरोडा येथे निर्माण होणारी वीज ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने अकोल्यामार्गे औरंगाबादकडे (आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे) जाते. एवढा उच्च दाब कशासाठी, याचेही उत्तर वरील पंपाच्या उदाहरणातच आहे : तीच शक्ती वाहून न्यावयाची तर दाब वाढवून धारा कमी केल्याशिवाय तारेतील हानी कमी होत नाही. विहिरीवरील पंप आणि ७६५ किलोव्होल्टची वाहिनी एकाच नियमाने बांधलेली आहेत, हे विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी दाखविता येणे शक्य आहे.

७. प्रयोगशाळा व परीक्षा

प्रयोगशाळेविषयी थोडक्यात एवढे म्हणता येईल की, तेथेही संकेत हरवतो. 'प्रमेयाचा पडताळा' असे प्रयोगाचे शीर्षक असल्यामुळे निष्पत्ती आधीच ठाऊक असते आणि वाचने तिच्याशी जुळवून घेतली जातात. मोजलेले मूल्य व काढलेले मूल्य यांतील फरक कोठून आला, मीटरचा स्वतःचा रोध परिपथात शिरला काय, या प्रश्नांना जर्नलमध्ये स्थान नसते. वास्तविक, मीटर जोडताच परिपथ बदलतो, हा अनुभव थेवेनिनच्या प्रमेयाचे सर्वोत्तम प्रात्यक्षिक ठरू शकेल.

परीक्षेचे स्वरूपही यास पूरक आहे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर आधारित तयारी ही विद्यार्थ्याची लबाडी नसून त्याने व्यवस्थेचे केलेले अचूक वाचन आहे. 'अमुक प्रमेय वापरून धारा काढा' असा प्रश्न जोपर्यंत विचारला जातो तोपर्यंत रीत निवडण्याची जबाबदारी प्रश्नपत्रिका स्वतःकडे घेत असते. त्याऐवजी 'योग्य रीत निवडा व निवडीचे कारण दोन वाक्यांत लिहा' एवढा बदल केला तरी अध्ययनाची दिशा बदलू शकेल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अभियंत्याला पुढे इंग्रजीतच काम करावयाचे असते, तेव्हा मराठी शब्दांकडे परत नेणे म्हणजे त्याला मागे नेणे होय. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. नोकरी, उच्च शिक्षण व तांत्रिक साहित्य यांची भाषा इंग्रजी आहे आणि ती विद्यार्थ्याने कमावलीच पाहिजे. परंतु येथे मराठी शब्द हा उत्तरपत्रिकेत लिहिण्यासाठी नसून संकल्पना पक्की करण्यासाठी सुचविला आहे. 'सिरीज' लिहिताना मनात 'एकसर'चा दोरा असला, तर त्याने इंग्रजीचे काहीच बिघडत नाही.

निष्कर्ष

१. परिपथ-विश्लेषणातील अडचणींचे मूळ बहुतांशी संदर्भदिशा, चिन्ह व जोडणी यांविषयीच्या संकेतांच्या अपुऱ्या आकलनात आहे. ते केवळ गणिती दुर्बलतेत शोधणे योग्य नाही.

२. थेराजांचा ग्रंथ सराव देतो व व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांचा ग्रंथ संकेतांची बैठक देतो. पहिल्याच्या अगोदर दुसऱ्याचे दुसरे प्रकरण, शिक्षकाच्या साहाय्याने व विद्यार्थ्याच्या भाषेत, वाचले जाणे आवश्यक आहे.

३. 'परिपथ', 'एकसर' व 'विभवांतर' या शालेय संज्ञा संकल्पनेच्या दृष्टीने समर्थ आहेत. 'समांतर' व 'दाब' या संज्ञा वापरताना सावधगिरी हवी. इंग्रजी संज्ञांसोबत त्यांचा वर्गात जाणीवपूर्वक उपयोग व्हावा.

४. प्रत्येक उत्तरानंतर शक्तीचा ताळेबंद मांडण्याची सवय लावल्यास ऋण चिन्हाची भीती नाहीशी होऊन त्याचा अर्थ कळू लागेल.

५. डीपी, पंप, वाहिनी व फेज यांविषयीचे विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान हे अडाणीपणाचे लक्षण न मानता अध्यापनाचे साधन मानावे.

अमरावती व अकोला परिसरात अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या, त्यामागे शेतकऱ्याच्या मुलामुलींपर्यंत हे ज्ञान पोहोचावे ही प्रेरणा होती. ती प्रेरणा प्रवेशसंख्येने अंशतः सफल झाली. ती पूर्णपणे सफल व्हावयाची असेल, तर आपल्या शेतातील मोटर का जळाली हे कागदावर आकृती काढून, दिशा गृहीत धरून, उणे चिन्हाला न घाबरता वडिलांना समजावून सांगू शकणारा विद्यार्थी या वर्गांतून तयार झाला पाहिजे. पाठ्यपुस्तकाची आणि ते शिकविणाऱ्याची खरी कसोटी तीच आहे.